वाड्यातला फोनो, चावडीतला रेडिओ, केबिनमधले यंत्र

सातारा-सांगली भागात जुनी ध्वनियंत्रे सापडतात ती मुख्यतः तीन ठिकाणी: वाड्याच्या माळ्यावर, चावडीत किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात आणि बंद पडलेल्या टॉकीजच्या केबिनमध्ये. यामागे साधे अर्थकारण आहे. यंत्र महाग होते, ते चालवायला माणूस लागे, त्यामुळे एका यंत्राभोवती गल्ली किंवा अख्खा गाव जमायचा. यंत्र कुठे सापडले यावरून ते कोणासाठी वाजत होते याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

वाड्यातून निघतो तो बहुधा चावीचा ग्रामोफोन, म्हणजे बोलीतला फोनो. त्याला वीज लागत नाही. चावी भरली की पेटीतली स्प्रिंग तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे फिरवते. सुई तबकडीच्या खोबणीतून जाताना थरथरते, ती थरथर ध्वनिपेटीतल्या अभ्रकाच्या पातळ पडद्याला मिळते आणि कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडते. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. पोलादी सुई एकदोन बाजू वाजवल्या की बदलायची, नाहीतर ती खोबणीच कुरतडून टाकते. म्हणून अशा पेटीत सुयांची लहानशी डबी हमखास सापडते.

या तीन मिनिटांत ख्याल कसा बसवायचा, हा पेच त्या काळच्या गवयांपुढे होता. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या या दृष्टीने मुद्दाम ऐकाव्यात. त्यांचे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. तेव्हा गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या हवेच्या जोरावरच मेणावर खोबण कोरली जायची. १९२५पासून मायक्रोफोन आला, आणि खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियन तबकड्या या नव्या पद्धतीच्या आहेत. त्यांत हलका स्वर आणि श्वासही टिपला गेला आहे. १९३७मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे.

चावडीतला रेडिओ ही याहून वेगळी गोष्ट. १९४९मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचे नाव १९६०मध्ये सांगली झाले. या मधल्या काळात, १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. उत्तर सातारा धरून पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. गावात वीसेक माणसांचे श्रोता मंडळ बसवायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम सगळ्यांनी मिळून ऐकायचा, मग त्यावर बोलायचे आणि अडलेले प्रश्न पुण्याला कळवायचे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. शेती, गुरे, आरोग्य असे विषय होते. पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, आणि मंडळाच्या गावांत लोकांची माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली. पुढे १९५९पासून ही योजना देशभर नेण्यात आली. रेडिओने लोक आळशी होतात, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण दाखवायला हरकत नाही: इथे रेडिओ बंद केल्यावरच खरे काम सुरू होई.

असा जुना संच उघडला की आत काचेचे व्हॉल्व्ह दिसतात. बटण दाबल्यावर आवाज लगेच येत नाही. व्हॉल्व्हमधली तार तापायला अर्धा मिनिट जातो, मग आधी घरघर आणि पाठोपाठ आवाज. चांगल्या ग्रहणासाठी छपरावर तारेची एरियल ताणावी लागे, आणि पोस्टातून दरसाल परवाना काढावा लागे. त्या परवान्याचे तिकिटे लावलेले पुस्तक कधीकधी रेडिओच्या पाठीमागेच खोचलेले सापडते. काचेच्या डायलवर दिल्ली, कोलंबो, लंडन अशी नावे असतात. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याआधीच्या डायलवर सांगली शोधण्यात अर्थ नाही. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ ही या केंद्राची जागा, म्हणजे मीटरच्या पट्टीवर जवळजवळ २४०.

टॉकीजच्या केबिनमधले यंत्र सर्वांत अवजड, आणि सर्वांत कमी समजलेले. फिल्मच्या कडेला चित्रांशेजारी एक बारीक नागमोडी रेघ असते, तोच आवाज. एका लहान दिव्याचा प्रकाश त्या रेघेतून पलीकडच्या प्रकाशसंवेदी नळीवर पडतो. रेघ जाड-बारीक होते तसा प्रकाश कमी-जास्त होतो, त्याची वीज होते, ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि पडद्यामागच्या स्पीकरला देतो. पडद्याला बारीक भोके असतात ती आवाज येण्यासाठी. यातली एक गंमत ऑपरेटरलाच ठाऊक असे. चित्र खिडकीसमोर क्षणभर थांबत थांबत सरकते, पण आवाजाला फिल्म सलग धावावी लागते. म्हणून आवाज त्याच्या चित्रापेक्षा वीस चौकटी पुढे छापतात. मध्ये ठेवायचा फिल्मचा लूप चुकला, की पडद्यावर ओठ आधी हलतात किंवा शब्द आधी येतो, आणि पिटातून शिट्ट्या सुरू होतात.

जत्रेच्या तंबूत हेच यंत्र ट्रकवर यायचे, आणि बाहेर कर्णा लावून खेळाची वर्दी दिली जायची. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंसारखे तमाशाचे फडही माइक आणि कर्णे बरोबर घेऊनच फिरू लागले.

सापडलेल्या यंत्राचे पहिले वाटोळे होते ते प्लग लावून पाहण्याच्या उत्साहात. व्हॉल्व्हच्या संचातले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असतात. थेट पूर्ण दाब दिला, तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. म्हणून हे कपॅसिटर आधी जाणकाराकडून बदलून घ्यावे लागतात. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत, लाख विरघळते. त्या एकमेकींवर रचायच्या नाहीत, उभ्या ठेवायच्या. फिल्मचे डबे निघाले तर जास्त सावध राहावे. १९५०च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते, ती पेटली तर पाण्याखालीही जळत राहते. असे डबे घरात न ठेवता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. १९६४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत फिल्म जतन करण्याचे काम चालते.