परतीची नळी

रुग्णालयांत वाफेनें पाणी तापविण्याचें यंत्र असतें. त्यांत वाफ आपली उष्णता देऊन स्वतः पाणी होते, आणि तें पाणी बॉयलरकडे परत जातें. या दोन नळ्या केवढ्या असाव्यात, याचा हिशेब आम्ही येथें मांडतों.

ताशीं ३०० किलोग्राम वाफ, ७ बार गेज-दाबाची, लागते असें समजूं. तिचें घनफळ ७२ घनमीटर. वेग सेकंदास २५ मीटर धरिल्यास नळीचा आंतील व्यास सुमारें ३.२ सेंटिमीटर येतो.

परतीस नुसतें पाणी, तेव्हां बारीक नळी पुरेल, असें विद्यार्थ्यांस वाटेल; परंतु तसें नाहीं. तें पाणी १७० अंश सेल्सिअस उष्ण असतें. सापळ्यांतून सुटून दाब वातावरणाइतका उतरतांच त्यांतील सुमारें ४० किलोग्राम पाण्याची पुनः वाफ होते, व ती तब्बल ६७ घनमीटर जागा व्यापते! तिचा वेग १५ मीटर राखावयाचा, तर व्यास ४ सेंटिमीटर, म्हणजे येणाऱ्या नळीहून अधिक, हवा.

ही नळी अरुंद ठेविल्यास पाणी यंत्रांत तुंबतें, वाफ त्यावर आदळते, सांधे फुटतात, आणि जवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या जिवावर बेततें. म्हणून विद्यार्थिमित्रहो, परतीचा हिशेब कधींही अंदाजानें करूं नये.