जुनं अंगण, अनोळखी झुडपं

आदिलाबादमध्ये नवीन घरी राहायला आलो. आधीच्या मालकांनी लावलेली झुडपं आयतीच मिळाली, पण फूल एकावरही नव्हतं. अशा वेळी पान आणि फांदी बघायची.

एका पेरावर तीन-तीन लांबट पानं असली की कण्हेर समजा. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर तगर किंवा बिट्टी. तगरीची पानं रुंद, चकचकीत आणि समोरासमोर, तर बिट्टीची अरुंद आणि एकाआड एक. पान खरखरीत आणि कोवळी फांदी चौकोनी? मग बहुतेक पारिजातक!

कण्हेर आणि बिट्टीचे सगळेच भाग विषारी. घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर जपून. छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही बाधतो.

मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून छाटणी जानेवारीअखेर उरका. पारिजातकाची बहर सरल्यावर. आपली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, बुंध्याशी डबकं साचू देऊ नका. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच.

वर्षभर फुलं बघितल्याशिवाय काही उपटू नका, असं माझं मत.

तुमच्याकडे अनोळखी झुडूप असेल तर पान आणि पेराचा जवळून फोटो टाका, मिळून ओळखू.