झाडे मोजता, माणसे कधी मोजणार?

मुंबईत एखादी मोठी गृहबांधणी योजना मंजूर होते तेव्हा तिच्या फायलीत पर्यावरणाचा एक जाडजूड भाग असतो. झाडे किती तोडणार, किती लावणार, पावसाचे पाणी कुठे जिरवणार, सांडपाण्यावर प्रक्रिया कुठे करणार, बांधकामाची धूळ उडू नये म्हणून पत्रे किती उंच लावणार, सारे त्यात लिहिलेले असते. वकिलीच्या निमित्ताने अशी मंजुरीपत्रे आम्ही पुष्कळ वाचली आहेत. एका पत्रावरचे नाव खोडून दुसरे घातले तरी चालेल इतकी ती एकसारखी असतात. त्यांत एक प्रश्न मात्र सापडत नाही. ज्या माणसांना येथे आणून ठेवणार आहात, ती माणसे येथे धड जगू शकतील काय?

इमारतीमुळे परिसराचे काय होईल हे तपासायचे. परिसरामुळे इमारतीतल्या माणसाचे काय होईल हे तपासायचे नाही, असा हा कारभार आहे. आणि ही माणसे कोण? नाल्याकाठची, पाइपलाइनवरची, रेल्वेरुळांलगतची. म्हणजे बव्हंशी आपलीच. बौद्ध, मातंग, मुस्लिम, भटके-विमुक्त आणि पोटासाठी गाव सोडून आलेला सगळा बहुजन समाज.

माहुलचे उदाहरण घ्या. चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्यांच्या व रसायनांच्या साठवण टाक्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारती उभ्या राहिल्या. २२५ चौरस फुटांच्या सतरा हजारांवर खोल्या. येथे इमारत उभी करण्याची परवानगी देताना खिडकी उघडल्यावर समोर काय दिसते, एवढे तरी कोणी पाहिले असेल काय? २०१३ साली केईएम रुग्णालयाने माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागण्याचा त्रास, ८४.५ टक्के लोकांना छातीत घुसमट, ८६.६ टक्के लोकांच्या डोळ्यांची जळजळ. तेथील रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने येथील हवेमुळे लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले.

आता पुढचे वाचा. हा निकाल झाल्यावर, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून तेथील हजारो कुटुंबांना याच माहुलला पाठवण्यात आले! जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा मीटर जागा मोकळी करा, हा उच्च न्यायालयाचा २००९ सालचा आदेश पुढे करण्यात आला. शहराच्या पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता महत्त्वाची आहे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु एका न्यायालयाचा आदेश झोपडी तोडायला तातडीने लागू होतो आणि दुसऱ्या न्यायपीठाचा निष्कर्ष त्याच माणसाला विषारी हवेपासून वाचवायला लागू होत नाही, याला कायद्याचे राज्य म्हणायचे काय? माहुलला गेलेल्यांनी खोकला, त्वचेचे विकार, क्षयरोग यांच्या तक्रारी केल्या, मरणे पाहिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांतली अनेक कुटुंबे विद्याविहारच्या पदपथावर येऊन बसली आणि ऊन-पावसात वर्षाहून अधिक काळ बसून राहिली. डोक्यावर सिमेंटचे छप्पर असलेली माणसे ते सोडून रस्त्यावर राहायला येतात, यावरून त्या घराची किंमत कळावी.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पग्रस्तांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या, असे बजावले. २०२० साली हरित न्यायाधिकरणाने तेथील चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. म्हणजे हवा खराब आहे, ती कोणी केली, आणि तिथे माणूस ठेवू नये, हे तिन्ही मुद्दे न्यायपीठांसमोर सिद्ध झाले. पण ती जागा प्रकल्पग्रस्तांच्या घरांना योग्य ठरवली कोणी, या प्रश्नाचे उत्तर द्यायला कोणी पुढे आले नाही. २०२५ मध्ये तर महापालिकेने माहुलची हजारो रिकामी घरे आपल्याच खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजार रुपयांना विकायला काढली. महापालिकेत खालच्या श्रेणीत कोण झाडू मारतो आणि गटारात कोण उतरतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कर्मचाऱ्यांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. ते शहाणे निघाले.

हे अपघाताने घडत नाही. प्रकल्पग्रस्तांसाठी घरे बांधून सरकारला दिली की बिल्डरला त्या बदल्यात टी.डी.आर., म्हणजे बांधकामाचा विकाऊ हक्क, मिळतो. तो महागड्या उपनगरात विकता येतो. मग पुनर्वसनाची घरे कुठे बांधणे परवडेल? जिथे जमीन सर्वांत स्वस्त तिथे. आणि मुंबईत जमीन स्वस्त कुठे असते? रिफायनरीच्या शेजारी, कचऱ्याच्या डोंगराजवळ, खाडीच्या दलदलीत. पूर्वी महारवाडा गावकुसाबाहेर कुठे असावा हे गावगाडा ठरवत असे, आज चटई क्षेत्र निर्देशांक ठरवतो. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ साली आपल्या ग्रंथात स्वतंत्रपणे चर्चेला घेतला होता. शहरात येऊनही तो प्रश्न आपला पिच्छा सोडत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. देशात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना १९९४ साली निघाली, पण मोठी गृहबांधणी तिच्या कक्षेत आली २००४ साली. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पूर्वमंजुरी सक्तीची केली. हे चांगलेच झाले. पण त्याच अधिसूचनेत एक मेख मारून ठेवली आहे. खाण असो, धरण असो, कारखाना असो, सर्वसाधारणपणे जनसुनावणी घ्यावी लागते. इमारती व वसाहतींच्या प्रकल्पांना त्या जनसुनावणीतून सूट आहे. बिल्डरने स्वतः भरलेला अर्ज आणि संकल्पनेचा आराखडा यांवर समिती विचार करते. ज्यांना तेथे राहायचे आहे आणि जे शेजारी आधीच राहतात, त्यांना बोलावण्याचे बंधन नाही. धरणग्रस्ताला निदान मांडवात उभे राहून ओरडता येते. झोपडीवाल्याला तेवढाही मांडव नाही.

माहुल तरी सर्वांना माहीत झाले. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडचे, लल्लुभाई कंपाउंडचे काय? तिथे रिफायनरी नाही. तिथे इमारतींची रचनाच रोग झाली आहे. एरवी इमारतीच्या उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडावी लागते. पुनर्वसनाच्या इमारतींना मात्र त्यात सवलती दिल्या गेल्या आणि हेक्टरी किमान ५०० खोल्या बसवाच, असा नियम करण्यात आला. परिणामी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर उरले. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ऊन नाही, वारा नाही, आणि मधल्या फटीत कचरा साचतो म्हणून लोक खिडक्या बंद ठेवतात. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वसाहतींमधला क्षयरोग आणि घरातला उजेड-वारा यांचा संबंध मांडला गेला. वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर धोका अधिक आढळला. उजेड आणि वारा या दोन गोष्टी फुकट मिळतात. त्याही आपल्या वाट्याला येताना नियमात सवलत देऊन कापल्या गेल्या. झोपडीला निदान दार रस्त्यावर उघडत होते!

आणि आता देवनार. महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ज्या वर्षी प्राशन केले, त्याच १९२७ साली देवनारची कचराभूमी सुरू झाली. जवळजवळ शतकभर या शहराने आपली घाण तेथे टाकली. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला आणि धुराने शहराच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे उच्चभ्रू मुंबईला देवनारचा पत्ता कळला. २०२४ साली राज्य सरकारने याच कचराभूमीची १२४ एकर जमीन धारावीतल्या रहिवाशांच्या घरांसाठी द्यायचे ठरवले. कोणत्या रहिवाशांसाठी? जे धारावीत घर मिळण्यास अपात्र ठरतील त्यांच्यासाठी. पात्र-अपात्रतेची ही वर्णव्यवस्था नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिले होते की बंद केलेल्या कचराभूमीवर पंधरा वर्षे देखरेख ठेवावी आणि त्यानंतरच, वायू व झिरपणारे पाणी मानकांत बसते आणि जमीन स्थिर आहे याची खात्री करून, मानवी वस्तीचा विचार करावा. २००० सालच्या नियमांतही हेच होते. सरकारी बाजूने उत्तर येते की कचरा उकरून, त्यावर प्रक्रिया करून जमीन साफ केली जाईल. ठीक आहे, करा. पण जमीन साफ झाली हे कोण ठरवणार, मोजमाप कोण करणार, आणि ते मराठीत लिहून रहिवाशांच्या हातात कधी पडणार, हे घरांचा आराखडा काढण्याआधी ठरले पाहिजे.

आमचे काही कार्यकर्ते म्हणतात, 'वकीलसाहेब, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. आधी घर मिळू द्या.' त्यांचा राग आम्हांस समजतो. १९९७ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या पर्यावरणाच्याच नावाने जमीनदोस्त झाल्या, आणि त्यासाठी न्यायालयात गेलेले लोक निसर्गप्रेमी म्हणवणारे होते. पर्यावरण नावाची काठी आपल्या पाठीत अनेकदा बसली आहे. पण म्हणून ती काठी त्यांच्याच हातात राहू द्यायची काय? जो कायदा आपल्याला हटवायला चालतो तोच आपल्याला जगवायलाही चालला पाहिजे. राज्यघटनेचे कलम २१ फक्त फ्लॅटधारकांसाठी लिहिलेले नाही. मंजुरीच्या दिरंगाईने पुनर्वसन रखडते ही तक्रार खरी आहे, परंतु तिचा उपाय म्हणजे प्रश्न लवकर विचारणे. प्रश्नच न विचारणे हा उपाय नव्हे.

आधी बांधा, नंतर मंजुरी घ्या, या प्रकाराचेही तेच. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी मागाहून दिलेली मंजुरी बेकायदा ठरवली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेण्यात आला. बहुमतात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते. त्यांच्याविषयी आम्हांस अभिमान आहे आणि तो राहील, परंतु या मुद्द्यावर आमचे मत विरोधी निकालपत्र लिहिणाऱ्या न्या. उज्ज्वल भुयान यांच्या बाजूचे आहे. इमारत उभी राहून माणसे राहायला आल्यावर हवा वाईट असल्याचे कळून काय उपयोग? माहुलमध्ये आणखी काय झाले?

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेली बारावी अनुसूची आमच्या वाचकांनी एकदा काढून वाचावी. नगरपालिकांच्या कामांच्या त्या यादीत आठवा विषय आहे पर्यावरणाचे संरक्षण, नववा आहे दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, दहावा झोपडपट्टी सुधारणा. तिन्ही एकाखाली एक लिहिले आहेत, आणि महापालिकेत मात्र ते तीन वेगळ्या खात्यांच्या तीन वेगळ्या कपाटांत असतात.

हे लिहिण्याची आज निकड आहे. ११ जुलै १९९७ रोजी जेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर आपल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी हाती घेतला आहे. घरे होत असतील तर आम्हांस आनंदच आहे. पण तेथील आणि अशा प्रत्येक वस्तीतील रहिवाशांनी संमतीचा अंगठा उठवण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. दोन इमारतींमध्ये अंतर किती? तळमजल्यावर दिवसाचे किती तास ऊन पडणार? बाजूच्या द्रुतगती मार्गाचा धूर आणि आवाज कोणी मोजला, कधी मोजला? पर्यावरण मंजुरीची प्रत आणि बिल्डरने भरलेला अर्ज माहिती अधिकारात काढा. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवस मिळतात, योग्य कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद होते. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. बुद्धविहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि वस्तीत शिकलेली जी मुले-मुली आहेत त्यांच्याकडे ती कागदपत्रे वाचायला द्या.