मजिठ्याच्या सरदारांची दौलत

अमृतसरजवळील मजिठा गांवचें शीख सरदारांचें घराणें महाराजा रणजितसिंगांच्या काळीं उदयास आलें. देसासिंग मजिठिया हे महाराजांचे विश्वासू सेनानी. १८०९ सालीं कांगड्याचा किल्ला हातीं आल्यावर त्या डोंगरी मुलखाचा कारभार त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. चाकरीबद्दल जहागिरी मिळाल्या, व १८३२ सालीं ते वारल्यावर अधिकार आणि जहागिरी पुत्र लेहनासिंग यांच्याकडे आल्या.

लेहनासिंगांचा पिंड मात्र निराळा. इतर सरदारांस घोडे व शिकार यांचा नाद, तर यांस ज्योतिष, गणित आणि यंत्रें यांचा. तोफा ओतविणें हें राज्याचेंच काम होतें. पण वेळ, तिथि आणि चंद्राच्या कला दाखविणारें घड्याळहि त्यांनीं घडविलें. रयतेशीं ते सौम्यपणें वागत, असा त्यांचा लौकिक होता. अशा मनुष्यास १८३९ नंतरचें लाहोर मानवणें कठीणच. महाराज निवर्तले, राजपुत्र व वजीर एकामागून एक मारले जाऊं लागले, आणि १८४४ सालीं लेहनासिंगांनीं पंजाब सोडून काशीची वाट धरली. याला भ्याडपणा म्हणावें कीं शहाणपण? लाहोरांत राहिलेल्या कितीजणांचीं मस्तकें धडावर राहिलीं, हें पाहूनच त्याचें उत्तर द्यावें.

काशींतच दयालसिंग जन्मले. ते अगदीं लहान असतां, १८५४ सालीं, वडील वारले. पंजाबांत परतल्यावर दयालसिंगांनीं वडिलार्जित इस्टेट राखली, आणि लाहोरांत घरें-जमिनी घेऊन ती वाढविलीहि. ते विलायतेस जाऊन आले. ब्राह्म समाजाच्या मतांकडे त्यांचा ओढा होता. २ फेब्रुवारी १८८१ रोजीं त्यांनीं लाहोरांत ‘ट्रिब्यून’ हें इंग्रजी साप्ताहिक काढलें. त्याचा छापखाना सुरेंद्रनाथ बानर्जी यांनीं कलकत्त्यास खरेदी करून दिला होता. १८९४ सालीं स्थापन झालेल्या पंजाब नॅशनल बँकेचे दयालसिंग हे पहिले अध्यक्ष.

त्यांस मूलबाळ नव्हतें. १८९५ सालच्या मृत्युपत्रानें त्यांनीं दौलतीचा मोठा भाग वर्तमानपत्र, कॉलेज व वाचनालय यांसाठीं विश्वस्तांच्या हवालीं केला. ९ सप्टेंबर १८९८ रोजीं ते वारले, आणि राणी भगवानकौर यांनीं मृत्युपत्रास हरकत घेतली. सासऱ्यांच्या व पतीच्या हातची दौलत परक्यांच्या हातीं जातांना पाहणाऱ्या विधवेचें दुःख समजण्यासारखें आहे. परंतु न्यायालयांत प्रश्न निघाला तो वेगळाच: दयालसिंग हिंदु होते कीं नव्हते? जन्म शीख कुळांतला, ओढा ब्राह्म मताकडे. मग हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा त्यांस लागू कसा? १९०३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला कीं, त्या कायद्यापुरते तरी ते हिंदुच होते. मृत्युपत्र टिकलें, पण शीख हे हिंदु कीं स्वतंत्र धर्माचे, हा पंजाबांतील वाद या खटल्यानें अधिकच पेटला.

पुढें वाचनालय निघालें, १९१० सालीं कॉलेजहि सुरू झालें. १९४७ च्या फाळणींत ‘ट्रिब्यून’ला लाहोर सोडावें लागलें, सिमला व अंबाला करीत तें १९६९ सालीं चंदीगडास स्थिरावलें. कॉलेज आणि वाचनालय मात्र लाहोरांतच राहिलीं, आणि त्यांवर मजिठ्याच्या या सरदाराचें नांवहि तसेंच राहिलें.