वाळूवरचं मार्जारकुळ

मांजर कळपात राहत नाही, हुकूम ऐकत नाही आणि स्वतःची पिल्लं सोडली तर कुणासाठी उंदीर मारत नाही. अशा प्राण्याला सेनापती, वैद्य, कायदा, तह आणि ताऱ्यांत जाऊन बसलेले पूर्वज देऊन त्याची कादंबरी करायची, ही कल्पना सुचवली ती हार्पर कॉलिन्स या प्रकाशकाने. काम गेलं वर्किंग पार्टनर्स या लंडनच्या कंपनीकडे. ही कंपनी कथानकं आखते आणि लेखकांकडून ती लिहून घेते. तिथल्या संपादक व्हिक्टोरिया होम्स यांना मांजरांच्या गोष्टीत फारसा रस नव्हता. मग त्यांनी त्यात युद्ध, राजकारण, सूड आणि न जमणारी प्रेमं घातली. लिहायला केट कॅरी आणि चेरिथ बाल्ड्री बसल्या. मुखपृष्ठावर सगळ्यांचं मिळून एकच टोपणनाव आलं, एरिन हंटर. २००३ साली 'इनटू द वाइल्ड' निघालं आणि 'वॉरियर्स' ही मालिका सुरू झाली. ती अजून चालूच आहे. सहा-सहा पुस्तकांची आवर्तनं, जाडजूड विशेषांक, कायद्यांची वेगळी पोथी, असा तिचा पसारा आहे.

या मालिकेची खरी नायिका कुठलीही एक मांजर नाही, 'कुळ' ही संस्था आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या नावाला 'किट' लागतं. सहा महिने झाले, म्हणजे त्यांच्या हिशेबाने सहा चंद्र उलटले, की ते शिकाऊ होतं. मग नावात 'पॉ' येतं आणि त्याला एका अनुभवी लढवय्याच्या हाताखाली देतात. शिक्षण पुरं झालं की पुन्हा नवं नाव. रस्टी नावाचा एक पाळीव बोका कुंपण ओलांडून रानात जातो, तो आधी फायरपॉ होतो, मग फायरहार्ट आणि शेवटी कुळाचा प्रमुख म्हणून फायरस्टार. आपल्याकडे नवरीचं नाव ताटातल्या तांदळात लिहून बदलतात, तसाच हा प्रकार. जुनं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि नव्या नावाबरोबर आलेली कर्तव्यं मुकाट्याने उचलायची. मुकाट्याने हे अक्षरशः खरं आहे. नव्या लढवय्याला पहिली रात्र एक शब्द न बोलता तळावर पहारा द्यावा लागतो.

शिकार आली की आधी म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्या मांजरींना आणि पिल्लांना. लढवय्ये आणि शिकाऊ नंतर. म्हाताऱ्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढणं हे शिकाऊंचं काम. त्यासाठी उंदराच्या पित्तात भिजवलेला शेवाळाचा बोळा वापरतात आणि त्याचा वास दिवसभर पंजाला राहतो. मुलांना ही जागा भलती आवडते, आणि माझ्या मते लेखिकांचं कसबही अशाच जागी दिसतं. तह आणि युद्धं कुणीही लिहील. पित्ताचा बोळा सुचायला मांजर पाहिलेलं असावं लागतं.

वैद्य हे वेगळं प्रकरण. तिने जोडीदार करायचा नाही, पिल्लं होऊ द्यायची नाहीत. जखमेवर कोळिष्टकं आणि झेंडूच्या जातीची फुलं, झोपेसाठी खसखस, छातीत कफ भरला तर मांजरांना वेड लावणारा कॅटमिंट. दर अर्ध्या चंद्राला सगळ्या कुळांचे वैद्य एकत्र जमतात आणि पूर्वजांशी स्वप्नात बोलतात. प्रमुखाला नऊ आयुष्यं मिळतात. ती देतात नऊ मृत मांजरं, प्रत्येक आयुष्याबरोबर एकेक गुण. पौर्णिमेला सगळ्या कुळांची सभा असते. त्या रात्री पंजा उगारायचा नाही. चंद्रावर ढग आला तर पूर्वज रागावले असं समजून सभा मोडते. दुसऱ्या कुळाचं पिल्लू संकटात दिसलं तरी वाचवायचं, लढाई जिंकण्यासाठी जीव घ्यायची गरज नाही, असे आणखीही नियम आहेत. २००९ च्या 'कोड ऑफ द क्लॅन्स'मध्ये ते ओळीने आले आहेत, प्रत्येकामागच्या कथेसह. अर्थात मालिका चालते ती नियम मोडण्यावर. लीफपूल ही वैद्य मांजर परक्या कुळातल्या क्रोफेदरवर जीव लावते, तिला पिल्लं होतात, ती बहिणीच्या नावावर वाढवावी लागतात, आणि त्या एका लपवाछपवीवर अख्खं आवर्तन उभं राहतं.

हे सगळं घडतं इंग्लंडच्या हवेत. मूळ अरण्याची प्रेरणा दक्षिण इंग्लंडातलं न्यू फॉरेस्ट. पण त्या एका हवेतही जमीन बदलली की रीत बदलते, हे लेखिकांनी नीट दाखवलं आहे. नदीकाठचं कुळ पोहतं आणि मासे खातं. माळावरचं विंडक्लॅन सडपातळ, सशांमागे धावणारं, उघड्या आभाळाखाली झोपणारं. २०१३ च्या 'टॉलस्टार्स रिव्हेंज'मध्ये तर याच कुळात एकेकाळी दोन पेशे होते असं कळतं: माळावर धावणारे आणि जमिनीखाली भुयारं खोदणारे. सँडगॉर्स हा भुयाऱ्या, आणि त्याच्या मुलाला खोदायचंच नसतं. पुढे भुयार कोसळून बाप मरतो, आणि कालांतराने तो पेशाच बंद होतो. डोंगरातल्या धबधब्यामागे राहणाऱ्या जमातीत शिकार करणारे वेगळे आणि गुहा राखणारे वेगळे, कारण तिथे आकाशातून गरुड झडप घालतो.

पुस्तकं जिथे थांबली तिथून वाचकांनी पुढे आपापली कुळं रचायला सुरुवात केली. बर्फातली कुळं, बेटांवरची, शहरांतली, आणि सर्वांत लाडकं म्हणजे वाळवंटातलं. माझी तक्रार इथेच आहे. बहुतेक वाळवंटी कुळं म्हणजे इंग्लंडचंच रान, फक्त नावं बदललेली. ओकच्या जागी निवडुंग, कोल्ह्याच्या जागी विंचू, प्रमुखाच्या नावात वाळू किंवा ससाणा. तळ तसाच, सीमा तशीच, रोजची गस्त तशीच. वाळवंटात पाणी नाही, या एका गोष्टीचा त्यांच्या चालीरीतींवर काडीचाही परिणाम नाही.

खरी वाळवंटी मांजर याहून कितीतरी विचित्र आहे. तिचं शास्त्रीय नाव फेलिस मार्गारिटा. व्हिक्टर लोश या फ्रेंच माणसाने १८५८ साली अल्जीरियाच्या सहारातून तिचं वर्णन केलं आणि मोहिमेचा प्रमुख मार्गरीत याचं नाव तिला दिलं. वजन दीड ते साडेतीन किलो, म्हणजे आपल्या घरच्या बोक्यापेक्षा कमीच. सहारा, अरबस्तान, इराण, काराकुम, किझिलकुम असा तिचा मुलूख. पूर्वेला तो बलुचिस्तानच्या चगाई भागापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. तळपायांवर इतके दाट केस की वाळू भाजत नाही आणि ठसेही धड उमटत नाहीत. पाणी मिळालं तर पिते, पण नाही मिळालं तरी उंदीर, सरडे आणि साप यांच्या अंगातल्या ओलाव्यावर भागवते. जास्तीची शिकार वाळूत पुरून ठेवते. रात्री तिच्यावर उजेड टाकला तर ती जमिनीला चिकटून डोळे मिटून घेते, म्हणजे डोळे चमकत नाहीत. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की आपल्याला कुणी पाहत नाही, अशी आपण तिची थट्टा करतो. वाळवंटात ही युक्ती खरोखर चालते.

आता या शरीरावर कुळाचा संसार बेतून पाहा. पहिला बदल पुस्तकातल्या सगळ्यांत गोड रिवाजात करावा लागेल. तिथे संध्याकाळी मांजरं एकमेकींना चाटत बसतात आणि दिवसभराच्या गप्पा मारतात. पण चाटणं म्हणजे थुंकी, आणि थुंकी म्हणजे पाणी. मांजराला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात अंग चाटून, ती थुंकी वाळताना येणाऱ्या गारव्यावर ते तगतं, आणि त्यात त्याचं पाणी खर्च होतं. तेव्हा वाळवंटी कुळात दुसऱ्याला चाटणं ही रोजची सवय राहणार नाही. ती देणगी होईल. आजाऱ्याला, बाळंतिणीला, मरायला टेकलेल्याला. बाकीच्यांनी वाळूत लोळून अंग स्वच्छ करावं.

दुसरा बदल घराचा. इस्राएलमध्ये केलेल्या निरीक्षणांत दिसलं की वाळवंटी मांजरं एकमेकींची बिळं आलटून पालटून वापरतात, पण एकाच वेळी दोघी एका बिळात राहत नाहीत. म्हणजे बीळ कुणाच्या मालकीचं नाही, जी आत आहे तिचं. उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या आसपास तापतो. अशा वेळी बिळाच्या तोंडाशी कोण उभं आहे, मित्र की शत्रू, हे विचारायला सवड नसते. या कुळाचा पहिला कायदा सावलीविषयी असायला हवा: सूर्य वर असताना कुणालाही बिळातून हुसकायचं नाही. युद्धबंदी पौर्णिमेची नव्हे, रोज दुपारची.

पौर्णिमेची सभा मात्र राहील, आणि इंग्लंडपेक्षा अधिक पक्क्या कारणाने. वाळवंटातले उंदीर चांदण्यात बिळाबाहेर यायला कचरतात, कारण घुबडाला आणि मांजराला ते स्पष्ट दिसतात. भरल्या चंद्राच्या रात्री शिकार तशीही हाती लागत नाही. मग सभा त्याच रात्री भरवलेली काय वाईट?

सीमेचं काय, हा प्रश्न मला सर्वांत गमतीचा वाटतो. वाऱ्याबरोबर सरकणारी वाळूची टेकडी वर्षाला काही मीटर, कधी त्याहून पुष्कळ जास्त हलते. तिच्यावर मुतून खूण केली तर पुढच्या वर्षी ती खूण शेजाऱ्याच्या मुलखात जाईल. म्हणून या कुळांच्या सीमा रेषा असणार नाहीत. एक बाभूळ, एक खडक, कोरड्या ओढ्याचं एक वळण, अशा ठिकाणांवर हक्क सांगितला जाईल आणि मधली वाळू कुणाचीच नसेल. तीच अडचण मृतांची. पुस्तकात म्हातारी मांजरं मेलेल्यांना पुरतात. टेकडीत पुरलेलं प्रेत टेकडी सरकली की उघडं पडेल. खडकाच्या पायथ्याशी, जिथे जमीन घट्ट आहे, तिथेच पुरावं लागेल, आणि तिथवर प्रेत ओढत न्यायचं तर बऱ्याच जणी लागतील. अशा कामांतूनच कुळ बांधलं जातं.

पण मुळात अशा उजाड जागी कुळ बनेल का? शास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. मांजरं एकत्र राहतात ती अन्नाचा ढीग एका जागी असेल तरच. मासळीचा धक्का, धान्याचं कोठार, शेतावरचा गोठा. तिथे आया, मावश्या, लेकी अशा नात्यातल्या माद्या जमतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतातसुद्धा. मराठी घरात मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात, पण त्या सात घरांत धान्य आणि उंदीर असतात. वाळवंटात एका रात्रीत पाच-दहा किलोमीटर चालून जेमतेम एकीचं पोट भरतं. म्हणून तिथलं कुळ पन्नास मांजरांचं असूच शकत नाही. चार-पाच माद्यांचं, विखुरलेलं, एकमेकींचा वास ओळखणारं आणि महिन्यातून एकदाच भेटणारं असं असेल. मला अशी कादंबरी वाचायला आवडेल. आतापर्यंत कुणी लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही.

एका बाबतीत मात्र वाळवंटाची हौस असलेली मुलं लेखिकांपेक्षा सत्याच्या जवळ आहेत. घरमांजर मूळचं इंग्लंडच्या ओलसर रानातलं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचा माग पश्चिम आशियातल्या रानमांजरापर्यंत नेला, आणि सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडलं आहे. कोरड्या मुलखातल्या या वंशाचा वारसा तिच्या मूत्रपिंडात अजून आहे. लघवी फार दाट करून ती पाणी वाचवते. वाटीतलं पाणी तसंच ठेवून तुमची मनी दिवसभर हिंडते, त्यामागे हाही इतिहास आहे.

राहता राहिला रस्टी. पाळीव बोका घर सोडतो, रानातल्यांत मिसळतो आणि नायक होतो, ही मालिकेची पायाभूत गोष्ट. प्रत्यक्षात घरमांजरांचं असं मिसळणं हे रानमांजरांच्या नाशाचं एक मोठं कारण आहे. ज्या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागानेही या पुस्तकांना दृश्यं पुरवली, तिथलं रानमांजर घरमांजरांशी इतकं मिसळत गेलं की त्याची संख्या स्वतःच्या बळावर टिकण्यासारखी उरलेली नाही असं २०१९ च्या अहवालात म्हटलं गेलं, आणि २०२३ पासून केअर्नगॉर्म्सच्या डोंगरांत पिंजऱ्यात वाढवलेली मांजरं सोडावी लागली. आपल्याकडे थर आणि कच्छमध्ये वाळूच्या रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं रानमांजर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतकंच संरक्षण. कालव्याचं पाणी पोचलं, शेती आली, वस्ती आली, आणि वस्तीबरोबर घरमांजरही आलं. दोघांच्या पिल्लांना कुठलाच कायदा अडवू शकत नाही.

तेव्हा जैसलमेरला किंवा कच्छच्या रणात फिरायला जाल तेव्हा मुलांना ते ठिपक्यांचं मांजर शोधायला जरूर सांगा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी त्या भागात, जंगलाच्या कडेला राहत असेल आणि त्यांनी मांजर पाळलं असेल, तर त्याची नसबंदी करून घ्यायला सांगा.