मीठ तीन बोटांचं, परीक्षा मास्तरांची

आरोग्यशिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? प्राथमिक आरोग्य केंद्राची भिंत, तिच्यावर रंग उडालेलं एक सुखी कुटुंब, आणि समोर सतरंजीवर जांभया देत बसलेली चार माणसं. पाहुणे येतात, बोलतात, नारळ घेऊन जातात. आजार तिथेच राहतात. पण जगात काही वल्ली अशाही होऊन गेल्या, की ज्यांनी भाषण गुंडाळून ठेवलं आणि चक्क मणी, भोपळे, पोळ्या आणि सात बुटके कामाला लावले. त्यांचे हे काही किस्से.

आई पास, तर ताईला पगार

साल १९८०, देश बांगलादेश. जुलाबांनी लहान मुलं पटापट दगावत होती आणि औषध तर स्वयंपाकघरातच होतं: पाणी, मीठ, गूळ. पण खेड्यातल्या आईकडे ना मोजपात्र, ना वजनकाटा, ना अक्षरओळख. 'ब्रॅक' या संस्थेने तिच्या हातालाच माप केलं. तीन बोटांत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी.

संस्थेच्या ताई पायी घरोघर जायच्या. आपण करून दाखवण्याऐवजी आईकडूनच पाणी करून घ्यायच्या आणि लक्षात ठेवायचे दहा मुद्दे शिकवायच्या. खरी गंमत पुढे आहे. काही आठवड्यांनी तिसराच माणूस गावात यायचा, त्यातली काही घरं निवडायचा आणि आईची तोंडी परीक्षा घ्यायचा. आईला जितकं आठवेल, तितका ताईचा पगार! आपल्याकडच्या कार्यशाळांना हा नियम लावला तर निम्म्या वक्त्यांना घरी जायला रिक्षाभाडं सुटणार नाही.

एवढं करूनही सुरुवातीला घोळ झालाच. आयांना सगळं तोंडपाठ, पण मूल आजारी पडलं की पाणी करतंय कोण? शोध घेतला तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घ्यायच्या. मग त्यांना ढाक्याला नेऊन या पाण्याचं शास्त्र समजावून दिलं. नंतर त्या आयांसमोर आधी स्वतः घोट घेऊ लागल्या. दुसरी चूक म्हणजे घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांच्यासाठी बाजारात सभा सुरू झाल्या. दहा वर्षांत ही शिकवणी १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत पोचली. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावात मूळ असलेले शल्यविशारद आणि लेखक अतुल गावंडे यांनी २०१३ साली एका गाजलेल्या लेखात हा किस्सा अमेरिकी वाचकांना सांगितला. चांगली कल्पना पसरायची असेल तर माणसाने माणसाकडे जावं लागतं, हे त्यांना पटवून द्यायचं होतं.

गळका भोपळा

जुलाबात शरीरातलं पाणी कमी होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे सात वर्षांच्या मुलाला कसं सांगाल? मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांत डेव्हिड वर्नर यांच्या गटाने वाळलेल्या भोपळ्याचं बाळ केलं. खाली बूच, टाळूच्या जागी भोक आणि त्यावर ओलं फडकं. बूच काढलं की पाणी वाहू लागतं आणि टाळूवरचं फडकं खोल जातं. डोळ्यांतून येणारे अश्रू थांबतात. आता बाळाला वाचवायचं असेल तर काय करायचं? मुलं ओरडतात, 'पाणी घाला!' धडा संपला, फळा लागलाच नाही.

'मुलांकडून मुलांकडे' ही चळवळ लंडनहून सुरू झाली ती याच काळात, १९७९च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षाच्या तोंडावर. तिच्यामागची माणसं अगदी व्यवहारी होती. गरीब घरात धाकट्याला दिवसभर कोण सांभाळतं? थोरली बहीण. मग शिकवायचं कुणाला? तिलाच.

लाल मणी आला, धावा!

आता आपल्या गडचिरोलीकडे. तान्ह्या बाळाचा न्युमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासांचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, त्याहून मोठ्या पण वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर धोका. गावातल्या सुईणीकडे मात्र घड्याळ नव्हतं आणि तेवढं मोजायची सवयही नव्हती. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिच्यासाठी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात, तर न्युमोनिया. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने निदान करावं, ही गोष्ट तेव्हा अनेक डॉक्टरांच्या पचनी पडणं कठीणच होतं.

पुढे याच मंडळींनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ या कामात आहे. आणि हो, 'सर्च'ने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, की तो कसा हवा? त्यांना मोठ्या इमारतींची भीती वाटायची. म्हणून दवाखाना खेड्यातल्या घरांसारखा झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं.

हातपंप कुठे बसवायचा?

जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली आले. गावात मुक्काम करायला नर्सेस तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित. पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवले. दुष्काळी मुलूख. तहान लागली की सवर्णांनाही घागर घेऊन तिथेच यावं लागायचं. शुद्ध पाण्याचा आणि शिवाशिवीचा धडा एकाच दांड्यावर! जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडची कहाणी आहे आणि १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या यादीतला माझा सगळ्यात आवडता किस्सा हाच.

आधी मला टोचा

प्लेगच्या मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. तरी लोक घाबरतच होते. तेव्हा इस्माइली खोजांचे तरुण धर्मगुरू तिसरे आगाखान पुढे आले. वय वर्षं १९. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि अनुयायांना म्हटलं, आता तुम्ही. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला.

बक्षीस हजार रुपये

देवीच्या रोगाच्या शोधात निघालेल्या कार्यकर्त्यांच्या हातात एक कार्ड असायचं. त्यावर अंगभर फोड उठलेल्या बाळाचं चित्र. 'असं कुणी पाहिलंय का?' एवढाच प्रश्न. इंडोनेशियात हे कार्ड थेट शाळांच्या वर्गांत फिरवलं, कारण गावातली बित्तंबातमी पोरांकडेच असते. भारतात रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस होतं. रोग जसा कमी होत गेला तशी रक्कम वाढत गेली आणि १९७५ साली हजार रुपयांवर पोचली. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला.

मोठ्यांची शाळा, लाजायचं नाही

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हतीच. या उद्योगापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत, १९५३पर्यंत, चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, मासिक थांबलं नाही.

सरकारला हा विषय उघड्यावर आणायला बराच वेळ लागला. १९६८ साली 'निरोध' हा सरकारी कंडोम बाजारात आला तेव्हा तो गावोगाव पोचवायचा कसा, हा प्रश्न होता. उत्तर होतं चहा, साबण आणि बॅटरीच्या कंपन्या! त्यांच्या गाड्या तशाही प्रत्येक टपरीवर जातच होत्या. तीन नगांची किंमत १५ पैसे.

थायलंडच्या मेचाई विरवैद्य यांनी तर लाजच विकायला काढली. त्यांनी कंडोम फुगवायच्या स्पर्धा भरवल्या, पोलिसांना कंडोम वाटायला लावले आणि 'कॅबेजेस अँड कंडोम्स' नावाचं हॉटेल काढलं. आमच्या जेवणाने दिवस जात नाहीत, अशी तिथे हमी आहे. बिलाबरोबर बडीशेपेच्या जागी काय येतं, ते वेगळं सांगायला नको.

झटपट पाच

डिस्नेने १९४३ साली डासावर चित्रपट काढला. त्यात ॲनॉफिलिस डास फरारी गुन्हेगार आणि त्याला पकडायला स्नो व्हाइटचे सात बुटके.

युनिसेफची 'मीना' आणि तिचा पोपट मिठू आठवतात? पडद्यावर त्यांना हलतं-बोलतं केलं ते मुंबईच्या स्टुडिओवाल्या राम मोहन यांनी.

२०१३च्या प्रयाग कुंभमेळ्यात २५ लाख पोळ्यांवर गरम छाप मारला होता, हात धुतलेत का विचारणारा. जाहिरात साबण कंपनीची होती, पण ती वाचली जायची ती नेमकी पहिला घास घ्यायच्या क्षणी.

शाळेत मिळणारी लोहाची गोळी पाचवीच्या पुढच्या मुलामुलींना निळी असते. कारण लाल गोळी गरोदर बायकांची. चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात लाल गोळी दिसली असती, तर गल्लीने काय काय अर्थ काढले असते! पाच ते दहा वर्षांच्या बालगोपाळांना गुलाबी.

पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करा असं सांगतात, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण आठवडा लागतो. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. घासणी फिरवायलाच हवी.

आणि हे घरी बघा

मीठ-साखरेच्या पाण्याकडेच परत यायचं, कारण इथे लोक अजून फसतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पाजून पटकीच्या रोग्यांचे मृत्यू ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या पुण्याईवर पुढे बऱ्याच गोड पेयांनी धंदा केला. डब्यावर ठळक अक्षरांत 'ओआरएस', म्हणजे याच पाण्याचं इंग्रजी नाव, आणि आत साखरच साखर. जुलाब झालेल्या बाळाला ती पाजली तर जुलाब वाढायचीच भीती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध एकट्या भांडत राहिल्या. आयांना समजावलं, कोर्टात गेल्या. अखेर ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला बंदी घातली.

तेव्हा औषधांच्या डब्यातली ओआरएसची पुडी आजच काढून बघा. 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असं लिहिलेलं आहे ना? मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, छोटी २०० मिलीची. जेवढं लिहिलंय तेवढंच पाणी घाला. अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात असला हिशेब करू नका. आणि केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्या.