'मृत्युंजय'ला ज्ञानपीठ मिळालंय, पण कुठल्या? एकाच नावाच्या दोन कलाकृती चालतात कशा?

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ला ज्ञानपीठ मिळालं, असं सांगणारे बरेच जण भेटतात. 'मृत्युंजय'ला ज्ञानपीठ मिळालं हे खरंच आहे. फक्त ती कादंबरी सावंतांची नाही.

१९७९ चं ज्ञानपीठ मिळालं बीरेंद्र कुमार भट्टाचार्य यांच्या असमिया कादंबरीला. तिचंही नाव 'मृत्युंजय', आणि विषय आहे १९४२ चं आंदोलन. सावंतांची कर्णावरची कादंबरी १९६७ ची. तिला मिळाला १९९४ चा मूर्तिदेवी पुरस्कार, आणि तो देणारी संस्थाही भारतीय ज्ञानपीठच! गोंधळ व्हायला आणखी काय पाहिजे?

'ययाति'चंही तसंच. वि. स. खांडेकरांची कादंबरी १९५९ ची, तर गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक १९६१ चं. इथे निदान दोघांचं मूळ महाभारतात आहे. पण 'तू तिथे मी' घ्या. १९९८ चा मोहन जोशी-सुहास जोशींचा सिनेमा वेगळा आणि २०१२ ची झी मराठीवरची मालिका वेगळी. नाव सोडलं तर दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता प्रश्न असा, की पहिल्याने ठेवलेलं नाव दुसऱ्याने बिनधास्त वापरलं तर चालतं का?

याचं उत्तर ज्या प्रकरणातून मिळालं, त्याची सुरुवात मुंबईतच झाली. अंधेरी पश्चिमेला पटकथाकारांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. तिचं आधीचं नाव फिल्म रायटर्स असोसिएशन. लेखक आपली कथा निर्मात्याला ऐकवायच्या आधी तिथे नोंदवून ठेवतात. नोव्हेंबर २००८ मध्ये एका लेखकाने तिथे 'देसी बॉइज' नावाच्या कथेचा सारांश नोंदवला. २०११ मध्ये अक्षय कुमार आणि जॉन अब्राहमचा 'देसी बॉइज' आला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी 'एस'ऐवजी 'झेड', एवढाच काय तो फरक. लेखकाने कॉपीराइट भंगाची तक्रार केली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये निकाल लागला, लेखकाच्या विरोधात. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. कॉपीराइट असतो तो कलाकृतीवर, नुसतं शीर्षक म्हणजे कलाकृती नव्हे. त्यातून 'देसी' आणि 'बॉइज' हे दोन्ही रोजच्या वापरातले शब्द. आणि मुख्य म्हणजे तक्रार नावाची होती, कथा चोरल्याची नव्हती.

ऐकायला हे कठोर वाटतं, पण दुसरी बाजू बघा. 'संघर्ष', 'माहेर', 'प्रेम' असे शब्द एकेकाने आपल्या नावावर करून घेतले, तर बाकीच्यांनी लिहायचं काय?

म्हणून स्क्रिप्ट घेऊन अंधेरीत फिरणाऱ्या लेखकाने एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. नोंदणी म्हणजे अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता, याचा पुरावा. झकास नाव आणि खाली चार ओळींचा सारांश नोंदवलात, तर पुरावाही तेवढ्याचाच. सविस्तर कथा किंवा पटकथा नोंदवलीत तर हातात काहीतरी ठोस राहतं. निर्मात्यांच्या संघटना शीर्षकं नोंदवून घेतात, पण ती सदस्यांनी आपापसात पाळायची शिस्त. त्यातून नावावर कॉपीराइट मिळत नाही.

नाव राखायचा दुसरा रस्ता म्हणजे ट्रेडमार्क. ते नाव ऐकताच लोकांना एकच गोष्ट आठवत असेल, तर कायदा बाजूने उभा राहतो. 'शोले' नावाची वेबसाइट काढणाऱ्यांना २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २५ लाख रुपये भरायला लावले. अर्थात सगळ्यांच्या नशिबी 'शोले' नसतो.

गाण्यांचा घोळ आणखी वेगळा. 'झिंगाट' दोन आहेत, २०१६ च्या 'सैराट'मधलं आणि २०१८ च्या 'धडक'मधलं. दोन्हीचं संगीत अजय-अतुल यांचंच. पण हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. म्हणजे नाव एक, चाल एक, गीतकार वेगळे. आता रीलला हिंदी 'झिंगाट' लावून खाली 'सैराट' लिहिलं, की श्रेय भलत्याच्याच पदरात पडतं.

रेकॉर्डिंग ओळखण्यासाठी संगीत कंपन्या म्हणूनच नावावर विसंबत नाहीत. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा स्वतंत्र कोड असतो. आपल्याला कोड पाठ करायची गरज नाही. पोस्ट टाकताना नावापुढे साल आणि कर्त्याचं नाव लिहिलं, तरी दोन 'मृत्युंजय' वेगळे ओळखू येतात.